खाजणातला चिखल, तेल आणि डिस्पर्संट : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

प्रश्न एकदाचा ठरला. तेल सांडलं की त्यावर डिस्पर्संट मारतात, तवंग फुटून बारीक थेंब होतात, थेंब बारीक म्हणजे पृष्ठभाग जास्त, म्हणजे बॅक्टेरियांना चिकटायला जागा जास्त, म्हणून तेल लवकर संपतं, असा सगळा हिशोब आहे आणि उघड्या समुद्राच्या वरच्या पाण्यात त्याला अर्थ पण आहे. पण खाजणात, म्हणजे भरती-ओहोटीच्या खाऱ्या दलदलीत? तिथे पाणी गुडघाभर, खाली चिखल, आणि चिखलात वरचा पापुद्रा सोडला तर ऑक्सिजनचा पत्ता नाही. तिथे हा हिशोब चालतो का, एवढंच आपल्याला बघायचंय.

आधीच लिहून ठेवतो म्हणजे नंतर कोणी विचारायला नको: खाजणात मुद्दाम डिस्पर्संट कोणी फवारत नाही, साधारण नियम असा असतो की किनाऱ्यापासून लांब आणि पुरेशी खोली असेल तरच परवानगी. पण फवारलेलं पाणी भरतीला आत येतंच, शिवाय किनारा धुवायला जे क्लीनर वापरतात ते वेगळे असले तरी त्यांच्यातही सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा तेल-पाणी जुळवणारा रेणू, असतोच. तेव्हा चिखलातल्या बॅक्टेरियांची आणि या रसायनांची गाठ पडतेच.

१० जानेवारी

जुन्या केसेस परत काढल्या, कारण खाजणांबद्दल जे ठोस माहितीये ते बरंचसं अपघातांमधूनच आलंय.

टॉरी कॅन्यन, मार्च १९६७, कॉर्नवॉलजवळ खडकावर चढलं, पोटात साधारण १,१९,००० टन कच्चं तेल. तेव्हा जे साफसफाईचं डिटर्जंट ओतलं ते सुमारे १०,००० टन, आणि त्यातलं द्रावक अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनसारख्या कार्बनच्या कड्यांचं) होतं म्हणजे चक्क विषारी. जिथे ते भरपूर ओतलं तिथले खडक सावरायला दहा-पंधरा वर्षं गेली, जिथे तेलाला हात लावला नाही तिथे दोन-तीन वर्षांत बरंचसं पूर्ववत झालं. आजची डिस्पर्संट त्या मानाने खूपच सौम्य आहेत हे मान्य, त्यामुळे १९६७ चा दाखला आजच्या रसायनावर जसाच्या तसा लावणं बरोबर नाही, लोक सर्रास लावतात.

अमोको कादिझ, १९७८, ब्रिटनी. इथे खाजणात रसायनापेक्षा यंत्रं नडली. इल ग्रांदच्या खाजणातला तेलकट चिखल खरवडून नेला, काही ठिकाणी अर्धा मीटर खोल, आणि पुढे असं दिसलं की ज्या खाजणांना हात लावला नव्हता ती आधी सावरली. चिखल गेला की त्याच्याबरोबर मुळं गेली, थर गेले, बॅक्टेरियांचं सगळं बस्तान गेलं, नुसतं तेल गेलं नाही.

आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात कामाची केस म्हणजे वेस्ट फाल्मथ, मॅसॅच्युसेट्स, १९६९. फ्लोरिडा नावाचा बार्ज, आकाराने अपघात छोटाच, इंधन तेल वाइल्ड हार्बरच्या खाजणात शिरलं. तीस वर्षांनी कोअर (नळी दाबून काढलेले चिखलाचे उभे गाभे) काढले तर काही सेंटीमीटर खाली तेल अजून होतं! तेलातली सरळ कार्बन-साखळीवाली संयुगं, म्हणजे अल्केन, गेलेली, बाकीचं तेल तसंच. आणि मग कळलं की तिथले फिडलर खेकडे अजूनही बिळं उथळ खणतायत, तेलाचा थर लागला की वळतात. आता खेकड्याचं बीळ म्हणजे चिखलात ऑक्सिजन जायची वाट, म्हणजे तेलामुळे बीळ नाही आणि बीळ नाही म्हणून तेल जात नाही, असं ते चक्र. हे डोक्यात ठेवायला हवं.

डीपवॉटर होरायझन (२०१०) बद्दल वेगळं लिहायची गरज नाही, पण आकडा म्हणून : डिस्पर्संट एकूण सुमारे ७० लाख लिटर, त्यातलं ४० टक्क्यांच्या वर थेट विहिरीच्या तोंडाशी, दीड किलोमीटर खोलीवर सोडलं. लुइझियानातल्या बॅराटारिया बेच्या खाजणांमध्ये जे तेल पोचलं ते हवेत-उन्हात मुरलेलं, दाट, आणि त्याने कडेची झाडं मारली, मुळं गेल्यावर कडा झपाट्याने ढासळल्या.

१३ जानेवारी

कागदावर थोडं गणित केलं आणि मला वाटतं अख्खा प्रकल्प या गणितात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तेल म्हणजे ढोबळमानाने एक कार्बन दोन हायड्रोजन, परत परत. ते पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करायचं तर १ ग्रॅम तेलाला साधारण ३.४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २५ डिग्रीला समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला जेमतेम ७ मिलिग्रॅम. म्हणजे १ ग्रॅम तेलामागे जवळजवळ ५०० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन. उघड्या समुद्रात ५०० लिटर म्हणजे काहीच नाही, थेंब विखुरले की प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर पाणी येतं, डिस्पर्संटचा खरा फायदा तिथे आहे. चिखलाच्या छिद्रांमध्ये अडकलेल्या १ ग्रॅम तेलाला ५०० लिटर कुठून आणायचे?

आता सल्फेट. समुद्राच्या पाण्यात सल्फेट २८ मिलिमोलर (लिटरमागे रेणू किती त्याचं माप), ऑक्सिजनच्या शंभर पटीच्याही वर. तेच १ ग्रॅम तेल सल्फेटवर श्वास घेणाऱ्या बॅक्टेरियांनी संपवायचं तर दोनेक लिटर पाण्यातला सल्फेट पुरतो. कागदावर भारी दिसतं. पण ते काम अतिशय संथ, आणि जेवढा सल्फेट वापरला तेवढा सल्फाईड बाहेर येतो, जो झाडांच्या मुळांना आणि बऱ्याच बॅक्टेरियांना विष आहे.

अजून एक. हवेवर जगणाऱ्या तेलखाऊ बॅक्टेरियांना ऑक्सिजन फक्त श्वासाला लागत नाही. अल्केनची साखळी पहिल्यांदा फोडायची ती पायरीच मोनोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम ऑक्सिजनचा अणू साखळीत घुसवून करतं. म्हणजे ऑक्सिजन हा कच्चा माल पण आहे. तो नसेल तर अल्कॅनिव्होरॅक्ससारखा पट्टीचा तेलखाऊ समोर तेलाचा डोंगर असून उपाशी. बिनऑक्सिजनवाल्यांची पहिली पायरी पूर्ण वेगळी, ते फ्युमरेट नावाचा छोटा रेणू जोडून सुरुवात करतात, ते जीन वेगळे, ते लोक वेगळे.

तर चिखलात अडथळा थेंबाच्या आकाराचा आहे का ऑक्सिजनचा? डिस्पर्संट पहिला अडथळा सोडवतं. दुसऱ्याला ते हात पण लावत नाही.

१६ जानेवारी

सॅम्पलिंग. पारदर्शक नळ्या ओहोटीला हाताने दाबून घातल्या, खालून रबरी बूच, वरून बूच, उभ्याच आणल्या, आडव्या केल्या की वरचा थर हलतो आणि मग सगळंच मुसळ केरात.

एक नळी उजेडात धरून नीट बघितली. वर जेमतेम दोन मिलिमीटर तपकिरी-सोनेरी पापुद्रा, डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा. त्याखाली राखाडी पट्टा. मग एकदम काळं, आयर्न सल्फाईडमुळे. आणि या काळ्यात मधोमध एक खेकड्याचं जुनं बीळ उभं गेलेलं, त्याच्या कडेने गंजासारखी तांबूस किनार, दोन-तीन मिलिमीटर रुंद. लोखंड तिथे ऑक्सिडाइज झालंय म्हणजे बिळातून ऑक्सिजन सात-आठ सेंटीमीटर खाली पोचत होता. गवताच्या मुळांभोवती पण तशीच तांबूस किनार. चिखल वरून खाली क्रमाने बदलतो असं आपण चित्रात काढतो, खरं तर तो असा भोकाभोकांचा आहे, आणि तेल जाणार ते पण याच भोकांमधून.

१९ जानेवारी

मांडणीवरून बराच वाद. ज्युनिअरचं म्हणणं की चिखल पाण्यात कालवून फ्लास्कमध्ये शेकरवर लावूया, सगळीकडे एकसारखं मिश्रण, रेप्लिकेट, म्हणजे त्याच प्रयोगाच्या पुनरावृत्त्या, छान जुळतात. खरंय. पण शेकरवर हलवत ठेवलेला फ्लास्क म्हणजे चिखलाला अखंड ऑक्सिजनचा पुरवठा, आपला प्रश्नच तिथे गायब होतो. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही करा, फरक काय येतो तेच उत्तर असेल." बरोबर आहे.

तर दोन मालिका. एक, कालवलेला चिखल शेकरवर. दोन, अख्खे कोअर, वर समुद्राचं पाणी, पेरिस्टाल्टिक पंप टायमरवर, दिवसातून दोनदा पाणी चढतं दोनदा उतरतं, नकली भरती-ओहोटी. दोन्हीत चार प्रकार : नुसता चिखल, तेल, डिस्पर्संट, तेल आणि डिस्पर्संट. तेलाला डिस्पर्संट २० ला १. शिवाय मेलेला कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना), म्हणजे निर्जंतुक केलेला चिखल आणि त्यात तेल, कारण हलकं तेल नुसतं उडून पण जातं आणि ते श्रेय बॅक्टेरियांना द्यायचं नाही.

डिस्पर्संट-एकटं हा प्रकार काही जुन्या प्रयोगांमध्ये नसतोच आणि मला ते कळत नाही. डिस्पर्संटमध्ये काय असतं? कोरेक्सिट ९५०० चं उदाहरण घ्या, त्यात डीओएसएस नावाचा सर्फॅक्टंट, ट्वीन आणि स्पॅन गटातले सर्फॅक्टंट, आणि पेट्रोलियमपासूनच काढलेलं द्रावक. हे सगळे कार्बनचे रेणू. ट्वीन तर लॅबमध्ये आपण बॅक्टेरियांना खायला घालतोच. म्हणजे डिस्पर्संट घातल्यावर श्वसन वाढलं तर त्यांनी तेल खाल्लं का डिस्पर्संटच खाल्लं, हे त्या कंट्रोलशिवाय सांगताच येणार नाही.

२१ जानेवारी

डोस दिला. तेल आधी उघड्या ट्रेमध्ये हवेखाली ठेवून हलके भाग उडवून घेतलेले, कारण खाजणात ताजं तेल क्वचितच पोचतं.

एक बारीक पण महत्त्वाची अडचण : दोन्हीकडे तेल मोजून सारखंच घातलं तरी पाण्यात उतरणारं तेल सारखं नसतं. नुसत्या तेलाच्या कोअरमध्ये ते वर तरंगतंय, डिस्पर्संटवाल्यात सगळ्या पाण्यात पसरलंय, पाणी गढूळ तपकिरी झालंय. मग "डिस्पर्संटने तेल जास्त विषारी होतं" असं म्हणताना, विष वाढलं का फक्त पाण्यातलं तेल वाढलं? याच्यावरून या विषयात वर्षानुवर्षं भांडणं चाललीत. आपण घातलेलं नाही, मोजलेलं तेल धरायचं. प्रत्येक वेळी पाण्याचा वेगळा नमुना.

२८ जानेवारी

फ्लास्क मालिकेत कार्बन डायऑक्साइड सगळ्यात आधी कुठे चढला, तर तेल-डिस्पर्संटमध्ये. आणि त्याच्या मागोमाग नुसत्या डिस्पर्संटमध्ये! नुसतं तेल मागून, सावकाश. ज्युनिअर खूश झाला होता, म्हणाला डिस्पर्संट काम करतंय, मॅडमनी एवढंच विचारलं की आकडा वाढला तो नक्की कशाचा वाढला ते आधी सांगा. आत्ता तरी सांगता येत नाही. नुसत्या डिस्पर्संटची रेघ तेल-डिस्पर्संटच्या रेघेतून वजा केली तर उरतं ते काही फार नाही, अर्थात अशी सरळ वजाबाकी पण धोक्याचीच, दोन प्रकारचं खाणं समोर असताना कोण आधी काय खाईल ते एकट्या खाण्यावरून कळत नाही.

४ फेब्रुवारी

पंपाची नळी बदलली. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी

कोअरचा पहिला गट उघडला. नळीतून वर ढकलत सेंटीमीटर-सेंटीमीटरच्या चकत्या, नायट्रोजनच्या पिशवीत, कारण काळ्या चिखलाला हवा लागली की सल्फाईड मोजण्यात काही अर्थ उरत नाही.

कापण्याआधी अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघितलं, तेलातले अ‍ॅरोमॅटिक चमकतात. नुसत्या तेलाच्या कोअरमध्ये चमक वरच, पापुद्र्याला चिकटून, एखाद-दुसरा ठिपका खाली. तेल-डिस्पर्संटच्या कोअरमध्ये वरची चमक फिकी, पण बिळाच्या कडेने एक पिवळसर-निळी रेघ थेट खाली, मुळांच्या बाजूने फाटे फुटलेली. म्हणजे जी भोकं चिखलाला ऑक्सिजन पुरवत होती त्यांच्यातूनच बारीक थेंब ओहोटीबरोबर आत ओढले गेले. नळीच्या भिंतीच्या कडेने पण थोडं उतरलंय पण तो नळीचा दोष, म्हणून चकतीचा मधलाच भाग घ्यायचा, कड फेकून द्यायची.

आणि खाली गेल्यावर काय, तिथे ऑक्सिजन नाही. वर तवंग म्हणून पडून राहिलेलं तेल दिसायला घाण, पण निदान हवेत आहे, उन्हात आहे, भरतीने थोडं थोडं धुवून जातं. खाली उतरलेलं तेल नजरेआड, आणि वेस्ट फाल्मथमध्ये तीस वर्षांनी जे सापडलं ते असंच खालचं.

१२ फेब्रुवारी

सल्फाईडचे आकडे. नुसता चिखल आणि नुसतं तेल यांच्यात वरच्या तीन सेंटीमीटरमध्ये फार फरक नाही. डिस्पर्संट असलेल्या दोन्हीत सल्फाईड वरपर्यंत चढलाय. सल्फाईड मोजायच्या मेथिलीन ब्ल्यू चाचणीचा रंग इतका गडद आला की परत पातळ करून मोजावं लागलं. तांबूस किनारी गेल्या, बिळाच्या कडा काळ्या पडल्या. माझं वाचन असं : वरच्या थरातल्या बॅक्टेरियांना सर्फॅक्टंटचं सोपं खाणं मिळालं, त्यांनी ऑक्सिजन भराभर संपवला, ऑक्सिजनची सीमा वर सरकली आणि सल्फेटवाले खालून वर आले. तेल खाणाऱ्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन डिस्पर्संट खाणाऱ्यांनी नेला. अजून सिद्ध नाही, पण आकडे तिकडेच बोट दाखवतायत.

२४ फेब्रुवारी

डीएनए काढणं. खाजणाचा चिखल म्हणजे कुजलेल्या पाल्यातून येणाऱ्या तपकिरी ह्युमिक आम्लांचं आगर, किटमधून निघालेला डीएनए सुद्धा फिकट तपकिरी दिसतो आणि मग पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) अडतो. दहापट पातळ केला की चालतो. म्हणजे आधी "काही नाही" आलेला नमुना खरं तर रोखलेला होता, त्यामुळे क्यूपीसीआरला (प्रती वाढवत मूळ संख्या मोजणारा पीसीआर) प्रत्येक नमुना दोन पातळ्यांवर लावायचा, आकडे जुळले तरच धरायचा.

दुसरी डोकेदुखी, मेलेल्या पेशींचा डीएनए. चिकणमातीला चिकटून तो खूप दिवस टिकतो, त्यामुळे रसायनाने अर्धी वस्ती मेली तरी सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनए वाचून कोण आहे ते ओळखण्यात) ती जिवंतच दिसणार. मेलेला डीएनए झाकून टाकणारा रंग मिळतो पण तो पक्का करायला उजेड आरपार जावा लागतो, आणि काळ्या चिखलातून कसला उजेड जातोय. म्हणून थोड्या नमुन्यांमधून आरएनए पण काढतोय, तो लवकर तुटतो म्हणून निदान हल्ली जिवंत असल्याचा पुरावा.

१२ मार्च

१६एसचे, म्हणजे बॅक्टेरिया ओळखायच्या जीनच्या सिक्वेन्सिंगचे, निकाल आले. दोन दिवस नुसतं बघतोय.

फ्लास्क मालिका आधी, ती सोपी आहे. नुसत्या तेलात मॅरिनोबॅक्टर आणि अल्कॅनिव्होरॅक्स हे तेलखाऊ, पुस्तकातल्यासारखं, नंतर मागून सायक्लोक्लॅस्टिकस, जो अ‍ॅरोमॅटिक कडी खातो. तेल-डिस्पर्संटमध्ये मॅरिनोबॅक्टर मागे पडलाय आणि व्हिब्रिओसारखे, झटपट वाढणारे, सगळ्यावर ताव मारणारे पुढे. नुसत्या डिस्पर्संटमध्ये तर व्हिब्रिओच व्हिब्रिओ. हे अगदीच नवीन नाही, २०१० च्या गळतीनंतर किनाऱ्यावरच्या बॅक्टेरियांवर कोरेक्सिट लावून बघितलं होतं तेव्हाही मॅरिनोबॅक्टर दबला होता, आणि २०१५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या गटाने मेक्सिकोच्या आखातातल्या खोल पाण्यावर प्रयोग केला त्यात तेलाने मॅरिनोबॅक्टर वाढला, डिस्पर्संटने कोलवेलिया नावाचा दुसराच बॅक्टेरिया वाढला आणि तेल खाण्याचा वेग काही वाढला नाही.

मॅरिनोबॅक्टर का दबतो याचं एक पटण्यासारखं कारण : तो तेलाच्या थेंबाला चिकटून, त्यावर थर धरून खातो. सर्फॅक्टंटने थेंबाचं अंग आधीच झाकलं तर चिकटायचं कुठे. शिवाय अल्कॅनिव्होरॅक्ससारखे स्वतःचा सर्फॅक्टंट स्वतः बनवतात, पाहिजे तेवढा, पाहिजे तिथे. आपण बाहेरून ओतलेला त्यांना मदत करेलच असं नाही, पेशीचं आवरण पण शेवटी मेदाचंच आहे.

आता कोअर. इथे चित्र गुंतागुंतीचं. वरच्या सेंटीमीटरमध्ये फरक फ्लास्कसारखाच पण पुसट. खाली डेसल्फोबॅक्टेरेसी घराण्यातले सल्फेटवाले तेल-डिस्पर्संटमध्ये स्पष्ट वर. त्यातले काही जण तेल खाऊ शकतात हे माहितीये, पण इथे ते तेल खातायत का सर्फॅक्टंटच्या तुकड्यांवर जगतायत ते नावावरून कळत नाही.

आणि इथेच एक सापळा, ज्युनिअरसाठी सविस्तर लिहितो. सिक्वेन्सिंग टक्के देतं. शंभरातले ऐंशी मेले आणि वीस तसेच राहिले तर त्या विसांचा वाटा वीस टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर जातो, आणि आलेख बघून आपण म्हणणार, वा, पाचपट वाढले! वाढलं कोणीच नाही. म्हणून प्रत्येक टक्क्याला क्यूपीसीआरच्या एकूण आकड्याने गुणल्याशिवाय "वाढला" हा शब्द अहवालात येणार नाही. आपल्या नुसत्या डिस्पर्संटच्या वरच्या थरात नेमकं हेच झालंय, पहिल्या आठवड्यात एकूण आकडा पडलाय, मग दुसऱ्याच मंडळींनी भरून आलाय. एकूण आकडा शेवटी कंट्रोलपेक्षा जास्त आहे. नुसती एकूण संख्या मोजली असती तर "बॅक्टेरियांवर वाईट परिणाम नाही" असं लिहून मोकळे झालो असतो.

१४ मार्च

अमोनियाचं नायट्राइट करणारे. ज्यावर कोणी फारसं बोलत नाही त्यांच्यावर मार सगळ्यात जास्त. नायट्रोसोप्युमिलस आणि मंडळी, तसे ते बॅक्टेरिया नाहीत, आर्किया (बॅक्टेरियांसारखाच पण वेगळा सूक्ष्मजीवांचा गट) आहेत, पण काम महत्त्वाचं, आणि कच्च्या तेलाला ते फार नाजूक हे आधीपासून माहितीये. आपल्याकडे तेलात घसरले, तेल-डिस्पर्संटमध्ये जवळजवळ नाहीसे. सल्फाईड चढला की नायट्रिफिकेशन, म्हणजे यांचं हेच काम, तसंही दबतं, म्हणजे तेलाने मेले का सल्फाईडने, ते वेगळं काढता येत नाहीये.

याचा अर्थ पुढे जातो. खाजण पाण्यातलं जादा नायट्रोजन हवेत सोडून देतं, हे त्याचं मोठं काम. ते साखळीने होतं, अमोनियाचं नायट्रेट, नायट्रेटचा नायट्रोजन वायू. पहिलीच कडी तुटली तर पुढचे डीनायट्रिफायर, नायट्रेटचा वायू करणारे, जिवंत असून बसून राहतात. आणि तेल खाणाऱ्यांना स्वतःला नायट्रोजन हवाच असतो, तेलात कार्बन ढीगभर आणि नायट्रोजन नावाला.

२१ मार्च

गॅस क्रोमॅटोग्राफ, तेलातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र, मिळाला एकदाचा. ताज्या तेलाचा आलेख म्हणजे कंगवा, एकसारख्या अंतरावर उभे दात, प्रत्येक दात एक अल्केन, आणि खाली एक बुटका उंचवटा, ज्यातली हजारो संयुगं वेगळी होतच नाहीत. बॅक्टेरियांनी खाल्लं की आधी दात पडतात, उंचवटा राहतो.

मोजपट्टी होपेन. हा रेणू बॅक्टेरिया खात नाहीत म्हणजे खूप कमी खातात, त्यामुळे बाकीचं तेल होपेनच्या तुलनेत किती उरलं ते बघायचं. मजा म्हणजे होपेन मुळात प्राचीन बॅक्टेरियांच्याच आवरणातून आलेला. शिवाय सतरा कार्बनवाला अल्केन आणि प्रिस्टेन यांचं प्रमाण, दोघं उडतात सारखेच पण फांद्यावाला प्रिस्टेन खायला अवघड, म्हणून प्रमाण पडलं की ते खाल्ल्याचं लक्षण, उडाल्याचं नाही.

फ्लास्कमध्ये : तेल-डिस्पर्संटमध्ये दात आधी पडले. शेवटी शेवटी नुसत्या तेलाने गाठलं आणि दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी थांबले. म्हणजे भरपूर ऑक्सिजन असेल तर डिस्पर्संट सुरुवातीला वेग देतं, हे आपल्याकडे पण दिसलं, आणि ते मोकळेपणाने लिहायचं. मॅरिनोबॅक्टर दबला म्हणून तेल खाणं दबलं असं फ्लास्कमध्ये तरी झालं नाही, दुसरे कोणीतरी काम केलं.

कोअरमध्ये : नुसत्या तेलाच्या वरच्या थरात दात बरेच पडलेत. तेल-डिस्पर्संटच्या वरच्या थरात तेल मुळातच कमी, कारण ते खाली गेलंय. आणि चार ते सहा सेंटीमीटरमध्ये जे सापडलं त्याचा कंगवा जवळपास शाबूत. सल्फेटवाले वाढलेत, सल्फाईड चढलाय, एकूण बॅक्टेरिया जास्त आहेत, आणि तेल जिथल्या तिथे. तेल-डिस्पर्संटच्या खालच्या थरात जे श्वसन झालं त्याचा बराचसा भाग तेलाचा नव्हताच.

२९ मार्च

गटात चर्चा, गरमागरम. एक मुद्दा रास्त आहे : खुल्या पाण्यात डिस्पर्संटची मात्रा काही तासांत पातळ होते, आपल्या कोअरमधली जास्त आहे, आणि लॅबवाले प्रयोग याच कारणाने नेहमी झोडपले जातात. त्याला उत्तर म्हणून पाण्यातली मात्रा उतरताना मोजलेली आहे ती अहवालात देऊया, आणि कमी मात्रेची एक मालिका करावीच लागेल. पण चिखल पातळ करत नाही, धरून ठेवतो, हे पण तितकंच खरं. २०१० ला खोल पाण्यातल्या थरात डीओएसएस फवारणी थांबल्यावर दोन महिन्यांनीही सापडत होता, आणि ते तर वाहतं पाणी.

दुसरा मुद्दा खारटपणाचा. समुद्री डिस्पर्संट पूर्ण खारट पाण्यासाठी बनवलेली असतात, मचूळ पाण्यात त्यांचा जोर कमी पडतो. खाजणात गोड पाणी मिसळतंच, त्यामुळे तिथे थेंब इतके बारीक होतीलच असं नाही, कदाचित मोठे राहून कमी खाली जातील. हा आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा मुद्दा आहे आणि म्हणूनच तपासायला हवा.

अहवालातली भाषा ठरली. "डिस्पर्संट बॅक्टेरियांना मारतं" असं लिहायचं नाही, कारण ते तसं सरसकट नाही. लिहायचं ते असं : ऑक्सिजन असलेल्या ठिकाणी ते वस्ती बदलतं आणि तेल खाण्याला सुरुवातीला गती देऊ शकतं, अख्ख्या चिखलात ते तेलाला ऑक्सिजन नसलेल्या थरात नेतं आणि वरचा ऑक्सिजन पण खर्च करतं. प्रत्येक आकड्यापुढे तो फ्लास्कचा का कोअरचा ते.

५ एप्रिल

पुढची मालिका. कोणीतरी खताचं सुचवलं, एक्सॉन व्हाल्डेझनंतर अलास्काच्या किनाऱ्यांवर तेलात विरघळणारं खत मारलं होतं आणि काही ठिकाणी गुण आला होता. पण तो गोट्यांचा किनारा, भरती-ओहोटीचं पाणी आरपार, ऑक्सिजन पोचत होता, नायट्रोजन कमी होता. आपल्या चिखलात टंचाई आधी ऑक्सिजनची आहे. नायट्रेट दिलं तर दोन कामं होतील, नायट्रोजन पण आणि ऑक्सिजनच्या बदली श्वासाला पण, सल्फाईडही दबेल. धोका हा की खाजणाला नायट्रेट जास्त झालं तर गवत मुळं कमी धरतं, मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ वर्षं खत सोडून बघितलं तेव्हा ओढ्यांच्या कडा कोसळल्या होत्या. म्हणून एकदाच, थोडी मात्रा, आणि गवतासकट कोअर.

प्रकार असे : नुसतं तेल, तेल आणि नायट्रेट, तेल-डिस्पर्संट कमी मात्रा, तेच अर्ध्या खारटपणात, आणि एक नुसतं तेल पण जिवंत खेकडा सोडलेला, बीळ खणू दे, काय होतं बघू. खेकड्याचा प्रकार मी आग्रहाने घातलाय. रेप्लिकेट जुळणार नाहीत हे माहितीये, एक खेकडा खणतो, दुसरा नुसता बसून राहतो, तरी हवा.

नळ्या धुवून ठेवल्यात. झिंक अ‍ॅसिटेट आणि नायट्रोजनचा सिलेंडर मागवायचाय. क्रोमॅटोग्राफची पुढची वेळ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळाली आहे, त्याच्या आत राहिलेल्या चकत्यांचं एक्स्ट्रॅक्शन उरकायचं, आधी चार ते सहा सेंटीमीटरवाल्या.